माशाच्या अंगातली खतावणी

वान नदी सातपुड्यातून उतरते, मेळघाटातले रान धुऊन वारी भैरवगडाजवळ सपाटीला लागते आणि आमच्या तेल्हारा तालुक्याच्या शिवारांना धरून पुढे पूर्णेला मिळते. वारीपाशी तिला धरणाने अडविले आहे. हनुमान सागर हे त्याचे नाव. वर डोंगरातले पाणी, खाली काळी जमीन आणि पूर्णेच्या बाजूला खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही अशी गावे या पट्ट्यात आहेत, म्हणून गोड्या पाण्याची किंमत आम्हांला वेगळी सांगावी लागत नाही. पण त्या गोड्या पाण्यात जी एक वस्ती नांदते, शेवाळ, किडे, गोगलगायी, झिंगे, मासे, तिच्या पोटापाण्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती करायची वेळ आमच्या गावावर एका भांडणामुळे आली.

गावाजवळच्या नाल्यावरून पावसाळा सरला की हा वाद दरसाल निघतो. पाणी वाहायचे थांबते, डबकी उरतात, त्यांत हिरवेगार शेवाळ माजते आणि वास सुटतो. एखाद्या पहाटे पाहावे तर मासे तोंड वर काढून तडफडत असतात. वस्तीतली मंडळी म्हणतात, कास्तकारांनी युरियाची पोती ओतली, ती वाहून आली. आम्ही कास्तकार म्हणतो, वस्तीच्या गटारी नाल्यात सोडल्या, त्याचा हा प्रसाद. दोन्हीकडचे आवाज चढतात. ज्यांचे पोट त्या नाल्यावर आणि नदीवर आहे ती भोयांची चार घरे मात्र गप्प बसून ऐकतात. त्यांच्यातला एक म्हातारा मागे म्हणाला, "तुमचा झगडा चालू द्या भाऊ, पन आमची मरळ आता हातभर कायले होत नाही, तेवढं सांगा."

त्याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

माझा भाचा रसायनशास्त्र शिकतो. दिवाळीत आला तेव्हा पारावर हाच वाद चालला होता. घरी आल्यावर तो हसून म्हणाला, "मामा, तुमच्या भांडनाचा निकाल गोगलगाय देते. नाल्यातली गोगलगाय धरून आना, ते सांगते खत कोनाचं हाये." मला वाटले पोरगा थट्टा करतो. मग त्याने रात्री जेवणानंतर जे सांगितले आणि पुढे जे छापील वाचायला आणून दिले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

गोष्ट अशी आहे. आपले अंग, पऱ्हाटीचे पान, माशाचे मांस, सगळे कर्ब आणि नत्र यांनी बनलेले. आता एकाच दावणीची, एकाच जातीची दोन वासरे असावीत, कामाला दोन्ही सारखीच, फक्त एक किंचित जड, तसे या मूलद्रव्यांचे असते. कर्बाच्या शंभर अणूंतले जवळजवळ नव्याण्णव हलके, एखादा जड. नत्राचे जड अणू तर हजारात चारही भरत नाहीत. या जुळ्यांना समस्थानिके म्हणतात. काही समस्थानिके किरणे सोडून हळूहळू संपतात. ही दोन तशी नव्हेत. ती आहेत तशीच राहतात, म्हणून त्यांना स्थिर म्हणायचे. भिण्यासारखे त्यांत काहीच नाही. आपण रोज ती खातो.

कामाला दोन्ही सारखी असली तरी ओझे ओढताना जड वासरू थोडे मागे पडतेच. तसेच झाड हवेतून कर्ब घेते तेव्हा हलका अधिक घेते, जड थोडा मागे ठेवते. किती मागे ठेवते ते झाडाच्या जातीवर आहे, आणि इथे आम्हां वऱ्हाडी लोकांचे कान टवकारावेत अशी गोष्ट येते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांची कर्ब घेण्याची रीत एक. कापूस, तूर, मूग, हरभरा, गहू, सोयाबीन आणि रानातली झाडे यांची दुसरी. दोन्हींच्या अंगातल्या जड कर्बाच्या प्रमाणात हजारामागे चौदा-पंधराचा फरक पडतो. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण अणूंचे वजन करणारे यंत्र तो बिनचूक सांगते. कडब्यावर पोसलेल्या गाईच्या दुधात ज्वारीची खूण उतरते. वर्षभर कडबा खाल्लेला बैल आणि तुरीचे कुटार, सोयाबीनचे कुटार खाल्लेला बैल, दोघांच्या शेपटीचा एकेक केस दिला तर यंत्र ओळखील कोणता कोणाचा.

नत्राची तऱ्हा वेगळी. जनावर खाते त्यातला हलका नत्र लघवीवाटे जास्त टाकते, जड अंगात राहतो. म्हणून खाणाऱ्याचे अंग खाल्लेल्यापेक्षा दर पायरीला हजारामागे सुमारे तीन ते साडेतीनने जड होत जाते. समजा शेवाळाचा आकडा ४ आहे. ते खाणारी गोगलगाय ७ वर जाईल, किडे-गोगलगायी खाणारा लहान मासा १० वर, आणि त्याला गिळणारी मरळ १३-१४ वर. मग मरळीच्या मांसाचा गव्हाएवढा तुकडा पाहिला तरी ती कितव्या पायरीवर जेवते ते कळते. माशाचे पोट फाडले तर फक्त कालचे जेवण दिसते. मांसात गेल्या काही महिन्यांचा हिशेब असतो.

प्रयोगशाळेत ठरावीक चारा घालून वाढविलेल्या उंदीर, किडे अशा लहान जिवांवर हे नियम अमेरिकेतल्या डीनिरो आणि एप्स्टीन या दोघांनी पक्के केले. कर्बाचा त्यांचा लेख १९७८ सालचा, नत्राचा १९८१ सालचा. म्हणजे आमच्या पिढीसमोर जन्मलेली ही विद्या.

आता वादाकडे येऊ. युरियातला नत्र कारखान्यात हवेतून घेतलेला असतो, म्हणून त्याची खूण हवेसारखीच, शून्याच्या आसपास. तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, त्यांचेही तसेच. शेणखत आणि मैला यांचे मात्र उलट. उकिरड्याजवळ किंवा तुंबलेल्या मुतारीजवळ गेले की डोळे चुरचुरतात. तो अमोनिया वायू उडत असतो, आणि त्यात हलका नत्र आधी पळतो. मागे राहिलेल्याचा आकडा दहा-वीसपर्यंतही चढतो. नाल्यातले शेवाळ जो नत्र पिऊन माजले असेल त्याची खूण शेवाळात, शेवाळाची गोगलगायीत. पाण्याचा नमुना आज एक सांगेल, पाऊस पडला की उद्या दुसरेच. गोगलगाय जागा सोडून फारशी हिंडत नाही, शिंपला तर वर्षानुवर्षे तिथेच रुतून असतो. म्हणून साक्षीला हेच बरे. कॅनडातल्या कॅबाना आणि रासमुसेन या शास्त्रज्ञांनी १९९६ साली दाखविले की तळ्याच्या पाणलोटात माणसांची वस्ती जितकी दाट, तितका तळ्यातल्या शेवाळ खाणाऱ्या जिवांचा जड नत्र वाढलेला असतो.

तर आमच्या गोगलगायीचा आकडा खाली आला तर आम्ही कास्तकार सापडलो, वर गेला तर वस्ती सापडली. मी भाच्याला म्हटले, चल, उद्याच धरू. तो म्हणाला, मामा, थांबा. जिथे पाण्यात प्राणवायू संपतो तिथे काही जंतू नत्र खाऊन त्याचा वायू करून हवेत सोडतात, आणि तेही हलक्या नत्राला आधी हात घालतात. उरलेला जड होतो. म्हणजे युरियाचाच नत्र, पण सडक्या डबक्यात बसून मैल्यासारखा दिसू लागला, असे होऊ शकते. म्हणून जाणते लोक नुसता नत्र पाहत नाहीत. नायट्रेटातल्या प्राणवायूचे समस्थानिकही पाहतात, आणि नमुने वरच्या अंगापासून खालच्या अंगापर्यंत ओळीने घेतात. साक्षीदार खरा असला तरी उलटतपासणी हवीच. मला हे पोराचे बोलणे आवडले.

या प्राणवायू संपण्याची गोष्ट आपल्याच राज्यात नीट तपासली गेली आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात तिलारीचे धरण आहे, महाराष्ट्र आणि गोवा दोघांचे मिळून. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले नक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी तिथे व देशातल्या आणखी काही धरणांत काम करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या गार पाण्यावर दुधावरच्या सायीसारखे बसते. दोन्ही मिसळत नाहीत. तळाला प्राणवायू पोचेनासा होतो, कुजणाऱ्या पाल्यापासून मिथेन वायू साठतो. गोबरगॅसमध्ये जळतो तोच. शास्त्रज्ञांनी तळाच्या पाण्यात मुद्दाम जड नत्र घालून तो कुठे जातो त्याचा माग काढला. नुसत्या पाण्यात त्याचा वायू होण्याचा वेग मंद होता. मिथेन दिल्याबरोबर तो सुमारे १२ पट वाढला. शेतातून, वस्तीतून वाहून आलेला नत्र धरणाच्या तळाशी असा परत हवेत जातो. पाण्याच्या दृष्टीने ही एक सफाईच झाली. पण ज्या थरात प्राणवायू नाही तिथे मासा राहू शकत नाही, त्याचे अंगण तेवढे कमी झाले, हेही त्याच हिशेबात धरायला हवे.

वऱ्हाडातही ही विद्या पोचली आहे, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला. ते पाणी खारे आणि अल्कली, गोडे नव्हे. आपल्या वानेशी त्याची बरोबरी करता येणार नाही. पण त्याच्या तळाच्या चिखलात सुमारे अकरा हजार वर्षांचा पावसापाण्याचा इतिहास थरावर थर बसलेला आहे. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तो उपसून त्यातला कर्ब, नत्र तपासला. सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या काळात मध्य भारतात दीर्घ अवर्षण पडले होते, असे त्यावरून त्यांनी २०१४ साली मांडले. सातशे वर्षे! आपण तीन वर्षांच्या दुष्काळाने खचून जातो. २०२० च्या जूनमध्ये तेच पाणी गुलाबी झाले तेव्हा सगळा मुलूख बघायला लोटला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ती खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जंतूंची करामत असल्याचे सांगितले.

आता जी गोष्ट सांगतो तिने मला दोन रात्री झोप आली नाही, कारण ती कापसाची आहे.

कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन नावाचा बर्फाळ मुलूख आहे. तिथे लॅबार्ज नावाचे मोठे तळे. आसपास कापसाची शेती नाही, पाणी आरशासारखे. तिथल्या मूळ रहिवाशांचे मासे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. १९९० च्या सुमारास त्या माशांत टॉक्साफिन नावाचे कीटकनाशक भरपूर सापडले. हे औषध कोणते? अमेरिकेच्या दक्षिणेकडे कापसाच्या शेतांवर वर्षानुवर्षे फवारलेले. वाऱ्याबरोबर ते हजारो मैल उडत गेले आणि थंडीत गोठून खाली उतरले. पण कोडे असे की आजूबाजूच्या तळ्यांवरही तीच हवा, तेच बर्फ, तरी तिथल्या माशांत ते इतके नव्हते. लॅबार्जमध्येच का?

कॅरन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली उत्तर दिले, आणि ते जड नत्राने दिले. लॅबार्जच्या माशांचा नत्राचा आकडा शेजारच्या तळ्यांतल्या त्याच जातीच्या माशांपेक्षा चढा निघाला. म्हणजे तिथली खाण्याची शिडी जास्त पायऱ्यांची होती. पाण्यात विष तेवढेच. पण असले विष चरबीत साठते, बाहेर पडत नाही, आणि दर पायरीला दाट होत जाते. पायऱ्या जास्त, तर शेवटच्या माशात विष जास्त. त्या शेवटच्या माशाच्या वर आणखी एक पायरी असते, ताटावर बसलेल्या माणसाची. तिथल्या लोकांना आरोग्य खात्याने त्या तळ्याचे मासे खाण्याबाबत सावध केले होते. ज्यांनी उभ्या जन्मात कापसाचे बोंड पाहिले नाही त्यांच्या ताटात कापसाचे औषध!

मी आजवर पंपाने किती फवारण्या केल्या त्याचा हिशेब वहीत आहे, पैशांचा. फवारलेले पुढे कुठे गेले त्याची खतावणी वेगळ्या जागी लिहिली जाते. आजची बरीच औषधे टॉक्साफिनसारखी चिवट नाहीत, लवकर विरतात, हे खरे. पण पंप नाल्यात धुणे आणि रिकामे डबे काठावर टाकणे आमच्याकडे अजून चालते, आणि त्या डबक्यात पोरे मासे धरतात, हेही खरे.

म्हाताऱ्याच्या मरळीचे काय, असे आपण विचाराल. तिच्यासारखाच एक दाखला आहे. कॅनडातल्या तळ्यांत बास जातीचे परके मासे शिरले. त्यांनी काठावरचे लहान मासे फस्त केले. ट्राउट नावाचा मोठा शिकारी मासा मेला नाही, पण त्याच्या मांसातला नत्राचा आकडा खाली उतरला: लहान मासे मिळेनात म्हणून तो पाण्यातल्या बारीक किड्यांवर भागवू लागला होता. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. बाहेरून पाहणाऱ्याला तळे भरलेलेच दिसत होते. आमच्याकडे चिलापी आहे. तीही परकी, आफ्रिकेची. भारतात १९५२ साली आणली. कुठेही जगते, झपाट्याने वाढते. मरळ वरची हवा घेऊ शकते म्हणून सडक्या डबक्यातही तग धरते. पण तग धरणे वेगळे आणि भरपेट जेवणे वेगळे. धरणामुळे पहिल्या पुराचे पाणी खाली पूर्वीसारखे येत नाही, डोह गाळाने भरले, वाळू उपसली गेली, ज्वारीच्या जागी सोयाबीन आल्याने शिवारातून ओढ्यात येणारा पालाही बदलला. यांतल्या कोणत्या कारणाने मरळीची पायरी घसरली, की घसरलीच नाही आणि जाळ्याचा फासाच बारीक झाला, हे पारावर बसून ठरणार नाही. तिच्या परातल्या किंवा मांसातल्या कणावरून ठरू शकेल. परदेशात तर संग्रहालयात बाटलीत ठेवलेल्या जुन्या माशांचे कण तपासून पन्नास-शंभर वर्षांपूर्वी ते काय खात होते ते काढले आहे.

हवामान तापल्याचा परिणामही असाच वाचला गेला. आफ्रिकेत टांगानिका नावाचे अफाट सरोवर आहे. काठच्या देशांचा लहान माशांवर मोठा आधार. वरचे पाणी तापले, वारे मंदावले, तळातले सत्त्व वर येईनासे झाले. गाळातल्या कर्बाच्या खुणांवरून २००३ साली अंदाज निघाला की शेवाळाची उपज सुमारे २० टक्क्यांनी घटली, आणि त्यावरून मासळी सुमारे ३० टक्क्यांनी.

आमच्या घरी आता काय चालले आहे ते सांगून थांबतो. भाच्याने यादी दिली आहे. गोगलगायी तीन ठिकाणच्या: वस्तीच्या वरच्या अंगाच्या, गटार मिळते तिथल्या, आणि शेतांच्या खालच्या. प्रत्येक ठिकाणच्या दहा. शंख नको, आतले मांस हवे. शंखातला कर्ब पाण्यातल्या चुन्याचा असतो, खाल्लेल्याचा नव्हे. जोडीला तिथलेच शेवाळ, शेणखताची मूठ, युरियाचे चार दाणे. मांस आणि शेवाळ स्वच्छ धुऊन, मंद उष्णतेवर खडखडीत वाळवून, सगळे वेगवेगळ्या कागदी पुडीत, वर तारीख आणि जागा. अशी यंत्रे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेसारख्या मोजक्या ठिकाणी असतात; नमुने कोणाकडून करवून घ्यायचे ते तो त्याच्या प्राध्यापकांना विचारणार आहे. तोवर माझ्याकडे एक हिशेब राहिला आहे. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो. पावसाच्या तोंडावर फेकलेल्या गोणीतला किती कपाशीने घेतला आणि किती नाल्याने, ते यंदा दोन-तीन हप्त्यांत विभागून, मातीआड करून पाहतो आहे.

नमुने वाळवायचे कशावर, यावरून मात्र घरात नवा वाद उभा राहिला. "माह्या तव्यावर वाळवान तं पाहा मंग!" असे आमच्या घरच्यांनी बजावले आहे. शेवटी भोयांच्या म्हाताऱ्याने एक जुने पत्र्याचे ताट आणून दिले. जागाही त्यानेच दाखविल्या, वरची, मधली, खालची. कुठे शिंपले रुतून बसतात ते त्याला पायाने कळते. पहिल्या पुडीवर तारीख घालून झाली तेव्हा त्याने विचारले, मरळीचा कण कधी घ्यायचा. मी म्हटले, हातभर सापडली की सांगा, आणि वीतभर सापडली तरी सांगा.